‘साथ’ हा शब्द छापू नये

४ फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

चौतीस वर्षांनी या नावानं कुणी हाक मारतंय म्हणून दचकू नकोस. विसाव्या वर्षी तू भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून यायचास आणि कुठल्याही गोष्टीवर ‘थांबा, आधी नीट विचार करू’ म्हणायचास, म्हणून आपल्यातल्या तिसऱ्यानं, शिडीनं, तुझं हे नाव ठेवलं होतं. आता कदाचित खरोखरची नातवंडं तुला याच नावानं बोलावत असतील. तसं असेल तर आमचा हक्क आधीचा, एवढं त्यांना सांग.

मी मास्तरीण. तुम्हा दोघांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता मला हे नाव चिकटलं, आणि पुढे पोटापाण्यासाठीही तेच करत आले. शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी वाचून देते. शिडी अजून तेवढाच उंच आहे, फक्त माथ्यावरचं शाकारलेलं छप्पर गेलंय. तो ग्रंथालयाच्या समितीवर आहे आणि समितीतल्या यच्चयावत माणसांशी भांडून बसलाय.

तुझा पत्ता छापखान्याच्या मावशीनं दिला. तुझं तिला दरवर्षी एक पत्र येतं, हे मला मागच्या मंगळवारी कळलं. इतकी वर्षं मी आणि शिडी तिच्याकडे जातोय, चहा पितोय, पाय पसरून गप्पा मारतोय, आणि या बाईनं ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवशी तिनंच मला बोलावलं होतं. छापखाना बंद करतेय. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली. गुडघे म्हणतात पुरे, डोळे म्हणतात पुरे, जीभ मात्र अजून काही म्हणत नाही. पायानं चालवायचं ते जुनं यंत्र ग्रंथालय ठेवून घेणार आहे. चौदा मार्चला छोटासा समारंभ आहे. यंत्राशेजारी काचेच्या पेटीत आपलं ते पत्रक लावणार आहेत.

कपाट आवरताना तिनं माझ्या हातात एक कागद दिला आणि म्हणाली, “हे वाच, आणि वाचून झाल्यावर माझ्याशी बोल.” तुझा माफीनामा होता तो. अख्खा. वर्तमानपत्रांत तेव्हा फक्त त्याचा वरचा अर्धा भाग आला होता. खालचा अर्धा मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. तिच्या त्या तीन पायांच्या स्टुलावर बसून दोनदा वाचला.

माझं तुला लिहिलेलं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. ‘तुझ्यासारख्या भित्र्याला मित्र म्हटलं याची लाज वाटते’ ही त्यातल्या त्यात सौम्य ओळ. बाकीच्या तीन इथे पुन्हा लिहीत नाही.

तर आधी आभार. ते मानायला मला फार उशीर झालाय, पण निदान ते मनापासून आहेत. समारंभाला ये. निमंत्रण समितीचं येईलच, हे माझं.

मास्तरीण

(हे नाव तुझ्याकडे अजून चालत असेल तर)


१९ फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

पत्राचं उत्तर आलं नाही. नाही आलं तरी चालेल. मी लिहिते, तू वाच. पूर्वीही असंच होतं, लिहायचास तू, आणि वाचायचे मी. आता पाळी बदलली.

काचेच्या पेटीजवळ लावायला समितीनं माझ्याकडून माहिती मागितली आहे, म्हणून परवा ‘फळा’चे सगळे अंक काढून बसले. चार पानांचं आपलं पाक्षिक, तीन संपादक, वाचक तीनशे. त्यातले निम्मे उधारीचे वाचक, एकमेकांचा अंक मागून वाचणारे. किती टुकार कविता छापल्या रे आपण. पण हसता हसता डोळे भरून आले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात परवाना कचेरीचा गोल शिक्का, आणि त्याखाली त्या साहेबांची हिरव्या शाईतली सही.

तुला तो सोमवार आठवतो? माझी ताई सरकारी रुग्णालयात नर्स होती. जेवताना ती घास तसाच हातात धरून म्हणाली, “खालच्या वस्तीतून दोन आठवड्यांत सत्त्याण्णव माणसं आलीत. अकरा गेली. नोंदवहीत आम्हाला ‘पोटदुखी’ लिहायला लावतात.” आई म्हणाली, “हळू बोल.” ताई म्हणाली, “हळूच बोलतेय की.”

तू दोन दिवस वस्तीत फिरून लेख लिहिलास. तसा मारून-मुटकून लेखक झालेला तू, पण तो लेख चांगला होता. टाकी कुठली, कुठल्या गल्ल्यांना तिचं पाणी जातं, कोण कधी आजारी पडलं. कचेरीतून पानं परत आली तेव्हा ‘साथ’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे हिरवी काट, आणि समासात टीप: ‘साथ’ हा शब्द छापू नये. साहेब इतके नेटानं कामाला लागले होते की तिसऱ्या पानावरच्या प्रेमकवितेतली ‘तुझी साथ’ही त्यांनी खोडली. शिडी म्हणाला, “साहेबांच्या घरी काहीतरी बिनसलंय.” आपण मावशीच्या दारात बसून पोट धरून हसलो. अकरा माणसं मेली होती आणि आपण हसत होतो. वय तसं होतं.

मग खोडलेल्या जागा कोऱ्या ठेवून अंक काढला. कचेरीनं कळवलं, कोऱ्या जागा ठेवायच्या नाहीत. पुढच्या अंकात तिथे तू जाहिरात घातलीस: ‘हरवला आहे. एक शब्द. दोन अक्षरी. खालच्या वस्तीत शेवटचा दिसला. शोधून देणाऱ्याचे आभार मानले जातील.’ ती पानं शिक्क्यासाठी पाठवलीच नाहीत आपण. चार दिवसांत परवाना गेला.

परवाना गेल्यावर शिडी टेबलावर मुठी आपटत होता. तू मफलर सोडलास, पुन्हा गुंडाळलास आणि म्हणालास, “आता परवाना नाहीच, तर विचारायचं कुणाला? थेट छापू.” आयुष्यात पहिल्यांदा तुला घाई झालेली पाहिली.

मावशीनं एकच प्रश्न विचारला होता. “खरं आहे ना लिहिलंय ते?” तू म्हणालास, “एकेका घरी जाऊन आलोय.” तिनं लग्नपत्रिकांचं काम यंत्रावरून उतरवलं. रात्री छापू म्हटलं तर म्हणाली, “रात्री यंत्र वाजलं तर गल्ली जागी होईल. दिवसा रोजच वाजतं, कोण लक्ष देतंय?” म्हणून भर दुपारी, दार उघडं टाकून, तीन हजार पत्रकं निघाली. वर मोठ्या अक्षरांत ‘या टाकीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका’. खाली अकरा नावं, वयासकट. सगळ्यात लहान नाव आठ महिन्यांचं होतं. ‘साथ’ या शब्दासाठी तू छपाईच्या अक्षरांचे सगळ्यात जाड खिळे मागितलेस, आणि मावशीनं ते स्वतः जुळवले.

वाटायची युक्ती शिडीची. गठ्ठे करून वस्तीतल्या वाणसामानाच्या दुकानांना रद्दी म्हणून देऊन टाकले. डाळ, साखर, मीठ, सगळं आपल्या पत्रकात बांधून घरोघरी गेलं. तिसऱ्या दिवशी बाया घागरी घेऊन टाकीखाली जाऊन बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, नुसत्या बसल्या. चौथ्या दिवशी टाकीला कुलूप लागलं. गटाराची फुटलेली नळी त्या टाकीच्या नळीला लागून होती, हे पुढे प्लंबरकडून कळलं. कचेरीनं कधीच कबूल केलं नाही.

पाचव्या दिवशी छापखाना सील झाला आणि मावशीला घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी तुला. त्यांना छापखाना कसा कळला कोण जाणे. शहरात छापखाने तरी किती होते म्हणा.

आणि आठव्या दिवशी वर्तमानपत्रांत तुझा माफीनामा. ‘शहरात कोणतीही साथ नव्हती. मी खोटी अफवा पसरवली. मी बिनशर्त माफी मागतो.’ फोटोसकट. आपण ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप केला, तो त्यांनी शेवटी तुझ्याच तोंडून छापून घेतला. मी आणि शिडीनं तो वाचला आणि तुझ्याशी नातं तोडलं.

खालचा अर्धा भाग असा आहे, हे तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे: ‘हा कागद साबणाच्या वेष्टनाचा आहे असं सांगून मी छापखान्याच्या मालकीणबाईंना फसवलं. माझ्या दोन मित्रांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. रुग्णांचे आकडे मी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभं राहून स्वतः मोजले.’

त्या शेवटच्या वाक्यानं ताई वाचली. पुढे सव्वीस वर्षं तिनं त्याच रुग्णालयात नोकरी केली आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाली. तुझ्याबद्दल आम्ही वाईट बोलायला लागलो की ती उठून आत जायची. कदाचित तिनं ओळखलं असावं. विचारायला आता ती नाही.

तिच्या वतीनंही आभार.

मास्तरीण


२ मार्च

आजोबा,

तुझं कार्ड काल आलं. तीन वाक्यं. ‘पत्रं पोचली. दम्यामुळे प्रवास जमत नाही. तुझ्या दोन्ही पत्रांत एक परिच्छेद गाळलेला दिसतो, तो कुणी गाळला?’

दिवसभर ते कार्ड घेऊन घरात फिरले. पोळलं की माणूस बोट तोंडात घालतो, तसं काहीसं.

मी गाळला. घे, आता छापते.

मावशीला नेण्याच्या आदल्या दिवशी मला कचेरीत बोलावलं होतं. हे मी तुम्हा दोघांनाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरची खोली. पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, तो प्रत्येक फेरीला टक् करायचा. टेबलाच्या काचेखाली साहेबांच्या मुलांचे फोटो. त्यांनी मला ‘बसा’ म्हटलं, चहा मागवला. मी मारहाणीच्या तयारीनं गेले होते. घरून निघताना दोन सदरे एकावर एक घातले होते, मार कमी लागेल म्हणून. आणि हा माणूस मला विचारतोय, साखर किती.

म्हणाले, “तुमच्या ताई नर्स आहेत ना? रुग्णालयाची नोंद बाहेर गेली तर कुणावर येतं, कल्पना आहे तुम्हाला?”

मी कपाची बशी फिरवत राहिले.

“तुमच्या मित्रांची नावं मला नकोत. ती आहेत माझ्याकडे. यंत्र कुणाचं, एवढंच सांगा. चहा गार होतोय.”

मी सांगितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. धमकी नाही, अंधारकोठडी नाही, एक कप चहा. आणि तो चहा मी प्यायले. कारकुनानं माझा जबाब लिहून पुढे ठेवला. त्यात ‘मालकीण’ शब्द ऱ्हस्व लिहिला होता. मी पेन मागून तो दीर्घ केला आणि खाली सही केली. हाताला सवय होती रे, दुसरं काही नाही.

घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. मावशीला नेलं तेव्हा वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं. आठव्या दिवशी तुझा माफीनामा आला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. भित्रा कोण, याचं उत्तर शहराला मिळालं होतं. त्याच संध्याकाळी बसून मी तुला त्या चार ओळी लिहिल्या.

आणि तुला सगळं ठाऊक होतं. मावशीनं परवा तेही सांगितलं. सही घेण्याआधी साहेबांनी तुझ्यापुढे माझा जबाब टाकला होता, की बघ, तुझी माणसं बोलली. तू फक्त तो दुरुस्त केलेला शब्द पाहिलास आणि म्हणालास, “कागद आणा.” सुटल्यावर तू आधी मावशीकडे गेलास. तिनं तुला विचारलं, “साथ नव्हती असं कसं लिहून दिलंस?” तू म्हणालास, “टाकीला कुलूप लागलंय मावशी. आता माझ्या खोट्यानं कुणी मरणार नाही. तुमचं कुलूप मात्र निघेल.” आणि तिच्याकडून वचन घेतलंस, की मास्तरिणीला हे कळू द्यायचं नाही, तिला झेपणार नाही.

वचन कशाला मोडलंस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, “तो म्हणाला होता झेपणार नाही. वीस वर्षांच्या पोरीला नसतं झेपलं. तू आता चोपन्नची घोडी झालीस.”

तू या सगळ्याबद्दल मला चौतीस वर्षांत एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर मी पुढची सगळी वर्षं कशी काढली असती कोण जाणे. नोकरी, संसार, पोरगी, तिच्यापुढे ताठ मानेनं वावरणं, हे सगळं मला तुझ्या गप्प राहण्यातून मिळालं. हे ऋण कुठल्या तोंडानं फेडतात ते मला माहीत नाही. आभार हा शब्द लिहिला की तो अंगाला अपुरा पडलेल्या झग्यासारखा दिसतो. तरी लिहिते. आभार.

माफी मागत नाही. तुझ्याकडून लिहून घेतलेल्या एका माफीनं आपल्या तिघांचं पुरेसं वाटोळं केलं.

मास्तरीण


१६ मार्च

प्रिय आजोबा,

समारंभ झाला. सत्तरएक माणसं होती. मावशीला पहिल्या रांगेत हाताच्या खुर्चीत बसवलं होतं आणि ती यंत्राला वंगण नीट घातलंय का हे वाकून वाकून बघत होती. शिडीनं भाषण केलं. चांगलं केलं. शेवटी म्हणाला, “आम्ही तिघं होतो. एकानं पाठ दाखवली. दोघं उरलो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काचेच्या पेटीखालच्या पाटीवर दोनच नावं होती.

मग मला बोलायला उभं केलं. मी लिहून नेलेलं भाषण पिशवीतच ठेवलं आणि तुझा माफीनामा वाचला. वरचा अर्धा, आणि मग खालचा अर्धा. नंतर माझा गाळलेला परिच्छेद सांगितला. पंख्यापासून सहीपर्यंत.  माझी मुलगी तिसऱ्या रांगेत होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिच्याकडेच बघत बोलले.

 मला वाटलं आता कुणीतरी उठून जाईल, किंवा बोलेल काहीतरी. मावशीच बोलली, यंत्रावरची नजर न काढता, तिच्या नेहमीच्या खड्या आवाजात.

“झालं का? मला आठव्या दिवसापासून ठाऊक आहे. दोन दिवस मला बाकावर बसवलं आणि आठ दिवस छापखान्याला कुलूप लागलं. तेवढीच गुडघ्यांना विश्रांती. बस आता खाली.”

लोक हसले. मी बसले. 

नंतर एक बाई भेटल्या. शिवणकाम करतात, खालच्या वस्तीतल्या. म्हणाल्या, “आईला वाचता येत नव्हतं. मी पहिलीत होते. साखरेची पुडी सोडली आणि मी बोट ठेवून ठेवून वाचलं, पा-णी-उ-क-ळ-ल्या. आईनं तेवढं ऐकलं आणि चूल पेटवली. धाकटा तापानं फणफणत होता. वाचला.” मग त्यांनी मला विचारलं, “ते लिहिणारे आले नाहीत का?” मी म्हटलं, त्यांना दमा आहे. त्या म्हणाल्या, “त्यांना सांगा, आम्ही अजून उकळूनच पितो.” सांगितलं बघ.

पाटीवर तुझं नाव मी त्याच दिवशी पेनानं लिहिलं, पहिलं. ग्रंथपाल धावत आले. पाटीवरचा मजकूर बदलायला समितीची मंजुरी लागते म्हणे. मी म्हटलं, “खोडून दाखवा.” ते बिचारे चष्मा पुसत परत गेले.

मुलगी माझ्याबरोबर घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, “आई, दोन सदरे घातले होतेस?” मी म्हटलं, हो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

आता शिडीचं. माझं बोलणं अर्धं झालं तेव्हाच तो उठून बाहेर गेला होता. मला वाटलं, एक मित्र परत मिळवला आणि एक घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर. डोळे सुजलेले. माझ्याविषयी एक शब्द बोलला नाही. म्हणाला, “तो शहर सोडून गेला त्या दिवशी मी बसथांब्यावर होतो. त्याला पाहून थुंकलो मी. त्यानं खिडकीतून पाहिलं. पाहिलं आणि हात हलवला मला.” मग माझ्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहायला लागला. पाच कागद फाडले. सहाव्यावर नुसती तारीख घातली आणि उठला.

“मला नाही जमत हे. मी जातोच.”

मी म्हटलं, “आधी त्याला विचार तरी.”

“विचारलं तर तो विचार करत बसेल,” म्हणाला, आणि पत्ता हातावर लिहून घेऊन गेला.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर तो तुझ्याकडे पोचलेला असेल, नाहीतर जिन्यात असेल. आल्या आल्या आरडाओरडा करायला लागला तर मनावर घेऊ नकोस, रडू आलं की त्याचा आवाज चढतो. त्याला दोन दिवस ठेवून घे. मी मुद्दामच त्याच्याबरोबर निघाले नाही, त्याचं त्याला बोलू दे.

माझी गाडी पुढच्या शुक्रवारची आहे. मी येणं तुला नको असेल तर त्याआधी कळव. काही कळवलं नाहीस तर मी निघाले असं समज.

तुझी,
मास्तरीण